एल्टन जॉन: गाजलेल्या गाण्यांपलीकडचे अल्बम कोणत्या वाटेने ऐकावेत?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

२०२१ साली आलेले 'कोल्ड हार्ट' हे गाणे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून एकदा तरी गेलेले असेल. ऑस्ट्रेलियाच्या 'प्नाउ' या चमूने ब्रिटिश गायक-पियानोवादक एल्टन जॉनच्या चार जुन्या गाण्यांचे तुकडे एकत्र गुंफून ते तयार केले आणि गायिका दुआ लिपाच्या आवाजाची जोड मिळाल्यावर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्या चारपैकी 'रॉकेट मॅन' (१९७२) आणि 'सॅक्रिफाइस' (१९८९) सर्वांच्या ओळखीची आहेत, 'किस द ब्राइड' (१९८३) थोड्यांना आठवते, पण 'व्हेअर्स द शूरा' हे १९७६ च्या 'ब्लू मूव्ह्ज' या दुहेरी अल्बममधले गाणे मूळ रूपात ऐकलेला माणूस मला आजवर प्रत्यक्ष भेटलेला नाही. एल्टनच्या ध्वनिमुद्रित संगीताची स्थिती नेमकी अशीच आहे. वीस-पंचवीस गाणी जगाला पाठ आहेत आणि १९६९ पासून २०२५ पर्यंतच्या तीसहून अधिक स्टुडिओ अल्बममधला उरलेला सारा ऐवज त्या गाण्यांच्या आड दडून राहिला आहे.

एवढा पसारा ऐकायचा म्हणजे सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. दशकांनुसार ऐकणे हा रूढ मार्ग असला तरी तो मला फसवा वाटतो, कारण सत्तरच्या दशकातच या माणसाचे तीन वेगवेगळे संगीतकार झालेले दिसतात. माझे म्हणणे असे की, ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीत कोण होते, हे पाहून अल्बमचे गट पाडावेत. शब्द नेहमीचा गीतकार बर्नी टॉपिनचे आहेत की दुसऱ्या कोणाचे, निर्माता गस डजन आहे का, तंतुवाद्यांची रचना पॉल बकमास्टरची आहे का, आणि डी मरे (बास), नायजेल ओल्सन (ड्रम) व डेव्ही जॉनस्टन (गिटार) हे त्रिकूट सोबत आहे का, एवढ्या चार गोष्टी तपासल्या तर अल्बम न ऐकताही त्याचा पोत बराचसा सांगता येतो.

पहिला गट १९७० चा. 'एल्टन जॉन' हा अल्बम लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत झाला. डजन आणि बकमास्टर हे दोघेही इथे प्रथमच आले. बकमास्टरची तंतुवाद्ये पियानोच्या मागे गालिचा अंथरत नाहीत, ती पियानोशी वाद घालतात. 'युवर साँग' पुरते थांबू नये, 'सिक्स्टी इयर्स ऑन'चा आरंभ ऐकावा. त्याच वर्षीचा 'टंबलवीड कनेक्शन' हा माझ्या मते या साऱ्या पसाऱ्यातला सर्वांत सलग अल्बम आहे. त्यातली गाणी अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाविषयी आणि तिथल्या यादवी युद्धाविषयी आहेत, पण ती लिहिणाऱ्या टॉपिनने, इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या या तरुणाने, तोवर अमेरिकेत पाऊलही ठेवलेले नव्हते. मुखपृष्ठावरचे जुनाट अमेरिकी वाटणारे रेल्वे स्थानकसुद्धा इंग्लंडमधल्या ससेक्सचे आहे! 'कम डाउन इन टाइम' या गाण्यात हार्प आणि ओबो यांच्या सोबतीने आवाज किती हलका लावला आहे, ते हेडफोनवर जरूर ऐकावे.

दुसऱ्या गटाविषयी इतरांनी लिहावे, अशी अपेक्षा आहे.

जुनी_तबकडी

वर्गीकरण पटले. दुसरा गट म्हणजे अर्थातच फ्रान्समधल्या शातो देरूव्हिल या वाड्यातल्या स्टुडिओत झालेले अल्बम. 'हाँकी शातो' (१९७२) हा एल्टन, मरे, ओल्सन आणि जॉनस्टन या चौघांचा पूर्ण संच घेऊन केलेला पहिला अल्बम, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या त्यांच्या सलग सात अल्बमपैकीही तो पहिला (या सातांत एक निवडक गाण्यांचा संग्रह आहे, हे नमूद करायला हवे).

इथली कामाची रीत समजून घेतली की गाणी अधिक उलगडतात. टॉपिन वर आपल्या खोलीत शब्द लिहीत असे आणि ते कागद सकाळी खाली येत. न्याहारीच्या टेबलाजवळच पियानो आणि ड्रम मांडून ठेवलेले असत. एल्टन कागद समोर ठेवून चाल बांधायला बसे, आणि न्याहारी आटोपून एकेक वादक आपापले वाद्य उचलून त्यात सामील होई. चाल अर्ध्या तासाच्या आसपास जमली नाही तर तो कागद बाजूला सारून दुसरा घ्यायचा, ही त्याची जन्मभराची सवय आहे. शब्द आधी आणि चाल नंतर, हा क्रम 'गीतरामायण' ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की टॉपिन ओळींच्या मात्रा मोजत बसत नसे, त्यामुळे कधी एखादी ओळ फार लांब होते, कधी अर्ध्यात संपते, आणि त्या अडचणीतूनच एल्टनच्या चालींना अनपेक्षित वळणे मिळतात. 'मोना लिसाज अँड मॅड हॅटर्स' मध्ये ओळी जिथे मोडतात, तिथे पियानो कसा सावरून घेतो, हे लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. त्यात जॉनस्टनचे मँडोलिनही आहे.

'मॅडमन अक्रॉस द वॉटर' (१९७१) हा दोन गटांमधला सांधा आहे, तो धागाकर्त्यांच्या यादीत हवा होता. 'टायनी डान्सर' हे आज लग्नसमारंभात वाजणारे गाणे सहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्याचे ध्रुवपद यायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो. आधी केवळ पियानो, मग बी. जे. कोल याची पेडल स्टील गिटार, मग ड्रम, आणि बकमास्टरची तंतुवाद्ये सर्वांत शेवटी. आजचा कोणताही निर्माता इतका धीर धरणार नाही.

रात्रपाळी

मी 'गुडबाय यलो ब्रिक रोड' (१९७३) पासून सुरुवात केली आणि तीच वाट नव्या श्रोत्यालाही सांगेन. हा दुहेरी अल्बम आधी जमैकात ध्वनिमुद्रित व्हायचा होता, पण तिथे काही केल्या जमेना, म्हणून मंडळी पुन्हा शातोला परतली. पहिलाच ट्रॅक अकरा मिनिटांचा आहे. त्याच्या आरंभीचा सिंथेसायझर डेव्हिड हेन्चेल याने एआरपी यंत्रावर वाजवला आहे, आणि त्यातून त्याच ट्रॅकमध्ये जोडलेल्या 'लव्ह लाइज ब्लीडिंग' या गाण्यात प्रवेश होतो तेव्हा जॉनस्टनची गिटार किती मोलाची होती हे कळते.

'बेनी अँड द जेट्स' हे प्रत्यक्ष मैफलीतले गाणे आहे, अशी अनेकांची समजूत असते. ते पूर्णपणे स्टुडिओतले आहे. एल्टनने गाणे सुरू होण्याआधी एक स्वरसंघात उगाच वाजवला होता. तो ऐकून डजनला मैफलीचा भास झाला आणि त्याने टाळ्या, शिट्ट्या, गर्दीचा गलका असे सगळे नंतर मिसळले. त्यातल्या टाळ्या मुद्दाम चुकीच्या ठोक्यावर घेतल्या आहेत, कारण इंग्रज श्रोते अशाच टाळ्या वाजवतात असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेत हे गाणे एकेरी तबकडी म्हणून काढायला एल्टन तयार नव्हता, त्याचा कल 'कँडल इन द विंड' कडे होता. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनी ते आधी उचलून धरले, आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते.

अनवट

सत्तरच्या पूर्वार्धाचे गोडवे गाणे सोपे आहे, त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. धागाकर्त्यांच्या सूत्राची खरी परीक्षा १९७६ नंतर लागते, म्हणून तिकडे वळतो.

१९७५ मध्ये एल्टनने मरे आणि ओल्सन या दोघांना दूर केले. त्यानंतरच्या 'ब्लू मूव्ह्ज' विषयी दोन टोकाची मते ऐकायला मिळतात. माझे मत असे की त्यातली निम्मी गाणी काढून टाकली असती तर ती त्याची उत्कृष्ट कृती ठरली असती. 'टुनाइट' हे जवळजवळ आठ मिनिटांचे गाणे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह झाले आहे, आणि त्याची वाद्यवृंदरचना पुढे चित्रपट संगीतकार म्हणून नावारूपाला आलेल्या जेम्स न्यूटन हॉवर्ड यांची आहे. पियानो एकटा पडलेला, मग वाद्यवृंद येऊन त्याला वेढतो, आणि गायक जवळपास अर्धे गाणे होईपर्यंत तोंडच उघडत नाही. एडिथ पियाफला वाहिलेले 'केज द साँगबर्ड' यात डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश यांचे आवाज मागे आहेत. उरलेल्या पसाऱ्यात मात्र थकवा जाणवतो.

त्यानंतर टॉपिनशी काही काळ फारकत झाली आणि 'अ सिंगल मॅन' (१९७८) साठी गॅरी ऑस्बोर्न याचे शब्द आले. सूत्रानुसार हा अल्बम पडायला हवा होता, पण तसे घडलेले नाही. त्याच्या शेवटी 'साँग फॉर गाय' ही जवळपास निःशब्द रचना आहे. एल्टनच्या रॉकेट या कंपनीत निरोप्याचे काम करणारा एक मुलगा अपघातात गेला, त्याच्या नावे ती आहे. शब्द जवळजवळ नसल्यामुळे टॉपिन असण्या-नसण्याचा प्रश्न तिथे उरत नाही, आणि चाल शब्दांवाचूनही उभी राहते. 'व्हिक्टिम ऑफ लव्ह' (१९७९) या डिस्को अल्बमवर तर एल्टनने ना चाली बांधल्या, ना पियानो वाजवला. तो फक्त गायला. तो ऐकणे सर्वथा ऐच्छिक समजावे.

मंद्रसप्तक

@अनवट, 'साँग फॉर गाय' चा मुद्दा मान्य आहे, तरी सूत्र मी सोडत नाही. 'व्हिक्टिम ऑफ लव्ह' ने तर ते सिद्धच केले. खोलीतले सगळे बदलले, पियानोही गेला, मग उरले काय?

आपण 'कॅप्टन फँटॅस्टिक' (१९७५) ला बगल दिलीत, याचे मात्र आश्चर्य वाटले. मरे आणि ओल्सन यांना काढण्याआधीचा तो शेवटचा अल्बम, आणि अमेरिकी याद्यांमध्ये प्रकाशनाबरोबर थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेला इतिहासातला पहिला. एल्टन आणि टॉपिन यांच्या उमेदवारीच्या वर्षांची ही कहाणी आहे, आणि टॉपिनने शब्द घटनाक्रमानेच लिहिले होते. १९७४ च्या उन्हाळ्यात 'एस. एस. फ्रान्स' या जहाजावरून न्यूयॉर्कला जाताना एल्टनने त्यांना चाली लावल्या. जहाजावरचा पियानो एका ऑपेरा गायिकेने आधीच अडवून ठेवला होता, म्हणून ती जेवायला जाई तेवढ्या अवधीत त्याला बसावे लागे. 'समवन सेव्हड माय लाइफ टुनाइट' पावणेसात मिनिटांचे आहे आणि रेडिओसाठी ते छाटायला त्याने साफ नकार दिला.

एक व्यावहारिक सूचना. सध्या ऑनलाइन मिळणाऱ्या आवृत्तीत या अल्बमच्या पुढे 'लूसी इन द स्काय' आणि 'फिलाडेल्फिया फ्रीडम' ही वेगळी प्रकाशित झालेली गाणी जोडलेली आढळतात. गाणी उत्तम असली तरी मूळ अल्बम 'कर्टन्स' या दहाव्या गाण्यावर संपतो. तिथेच थांबावे, नाहीतर त्या शेवटाचा परिणाम वाया जातो.

सांगली_ते_सिडनी

चर्चा वाचताना असे वाटले की १९८३ नंतर एल्टन निवर्तलाच! नव्वदच्या दशकात महाविद्यालयात असलेल्या आमच्या पिढीला 'सॅक्रिफाइस' च्या कॅसेटने आणि १९९४ च्या 'द लायन किंग' या चित्रपटाने एल्टनची ओळख करून दिली. त्या चित्रपटातल्या गाण्यांचे शब्द टिम राइस यांचे, टॉपिनचे नव्हेत, हे वर मांडलेल्या सूत्राच्या संदर्भात आठवणीत ठेवावे.

ऐंशीच्या दशकाची बाजू मी घेतो. 'टू लो फॉर झीरो' (१९८३) मध्ये टॉपिन पूर्ण अल्बमसाठी परतला, मरे-ओल्सन-जॉनस्टन हे तिघे परतले, माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत काम झाले आणि त्यातून 'आय अॅम स्टिल स्टँडिंग' निघाले. 'आय गेस दॅट्स व्हाय दे कॉल इट द ब्लूज' मधले हार्मोनिका स्टीव्ही वंडरचे आहे. त्याआधीच्या 'जंप अप' (१९८२) मधले, जॉन लेननच्या स्मरणार्थ केलेले 'एम्प्टी गार्डन' हे त्या दशकातले सर्वांत गंभीर गाणे आहे. 'लेदर जॅकेट्स' (१९८६) मात्र सोडून द्यावा. खुद्द एल्टननेही त्याला नावे ठेवली आहेत.

आणि आता ज्याचा उल्लेख कोणीच केला नाही तो अल्बम: 'लाइव्ह इन ऑस्ट्रेलिया' (१९८७). १९८६ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्रासह झालेली ही मैफल आहे. बकमास्टरच्या मूळ वाद्यवृंदरचना इथे संपूर्ण ताफ्यासह ऐकायला मिळतात. एल्टनचा गळा तेव्हा इतका बिघडलेला होता की पुढच्याच महिन्यात स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. आवाज ठिकठिकाणी फाटतो, वरच्या जागा तो टाळतो किंवा ओरडून गाठतो, आणि तरीही 'टुनाइट' चे हे रूप मला मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा जास्त भिडते. 'गुडबाय यलो ब्रिक रोड' या शीर्षकगीताचे १९७३ चे मूळ रूप आणि शस्त्रक्रियेनंतरचे कोणतेही रूप पाठोपाठ ऐकावे. ध्रुवपदातला तो उंच, कोवळा स्वर पुढे कायमचा गेला आणि त्या जागी जाड, खर्जाकडे झुकलेला आवाज आला.

जुनी_तबकडी

@सांगली_ते_सिडनी, पूर्ण सहमत. आता शेवटच्या टप्प्याविषयी लिहितो, कारण तो मला सर्वांत कमी ऐकला गेलेला वाटतो.

१९९७ चे 'कँडल इन द विंड' जगातल्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या एकेरी तबकड्यांपैकी एक आहे. जॉर्ज मार्टिन त्याचे निर्माते होते, आणि ते डायनाच्या अंत्यविधीच्या दिवशीच, म्हणजे ६ सप्टेंबरला ध्वनिमुद्रित झाले. पण त्या वर्षीचा 'द बिग पिक्चर' हा अल्बम ऐकला तर या गाण्याच्या यशाने काय झाकून टाकले हे दिसते. सगळीकडे गुळगुळीत सिंथेसायझर, आणि पियानो कुठेतरी मागे. चार वर्षांनी 'साँग्ज फ्रॉम द वेस्ट कोस्ट' (२००१) आला आणि पियानो पुन्हा पुढे सरकला. काही गाण्यांत बकमास्टर परत आले. 'अमेरिकन ट्रँगल' हे वायोमिंगमध्ये १९९८ साली ठार मारल्या गेलेल्या मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याविषयी आहे, आणि त्यात टॉपिनने आवाज न चढवता केवढे तरी सांगितले आहे. 'दिस ट्रेन डोंट स्टॉप देअर एनिमोर' हे त्या अल्बमचे अखेरचे गाणे. साठीकडे झुकू लागलेल्या आवाजासाठीच ते बांधले आहे, वीस वर्षांच्या तरुणाला ते गाता आले नसते.

पुढे 'द युनियन' (२०१०) मध्ये एल्टनने लिऑन रसेलला सोबत घेतले. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूर क्लबात गाताना समोर रसेल बसलेले पाहून ज्याची गाळण उडाली होती, त्यानेच चाळीस वर्षांनी आपल्या विस्मृतीत गेलेल्या गुरूला पुन्हा प्रकाशात आणले. 'द डायव्हिंग बोर्ड' (२०१३) मध्ये निर्माता टी बोन बर्नेट याने भोवतालची भरताड काढून टाकून मुख्यतः पियानो, बास आणि ड्रम एवढ्यावरच भर दिला. तो ऐकल्यावर लगेच १९७० च्या नोव्हेंबरमधला, न्यूयॉर्कच्या रेडिओवरून थेट प्रक्षेपित झालेला मैफलीचा अल्बम ऐकावा. त्यात गिटार नाहीच. एल्टन, मरे आणि ओल्सन एवढेच तिघे आहेत. दोन्ही ध्वनिमुद्रणांत डावा हात काय करतो, याकडे लक्ष द्यावे.

तानपुरा_७७

मी मूक वाचक आहे, पण एक शंका विचारतो. 'कोल्ड हार्ट' पासून सुरुवात करणाऱ्या माझ्या मुलीला मी कोणते दोन-तीन अल्बम द्यावेत? तिला पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकण्याची सवय नाही.

रात्रपाळी

@तानपुरा_७७, 'हाँकी शातो' द्यावा. तो छोटा आहे, त्यात 'रॉकेट मॅन' आहे, म्हणजे ओळखीचा एक खांब तिला सापडेल, आणि बाकीचा ऐवज हलकाफुलका आहे. एका गाण्यात तर चक्क टॅप नृत्याच्या पावलांचा आवाज आहे, आणि दोन गाण्यांत ज्यां-ल्युक पाँटी याचे इलेक्ट्रिक व्हायोलिन. त्यानंतर 'टू लो फॉर झीरो', कारण 'किस द ब्राइड' त्यातले आहे. 'ब्लू मूव्ह्ज' इतक्यात देऊ नये, ती पळून जाईल!

मंद्रसप्तक

@तानपुरा_७७, रात्रपाळी यांच्या यादीत 'हू बिलीव्ज इन एंजल्स' या २०२५ च्या अल्बमची भर घालतो. तो ब्रँडी कार्लाइल हिच्यासोबतचा आहे, लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत जेमतेम वीस दिवसांत झाला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. २०२३ च्या जुलैमध्ये स्टॉकहोमला निरोपाचा दौरा संपवलेल्या माणसाला अजून घाई कशाची आहे, हे तो ऐकताना कळते. शब्द आले की लगेच चाल बांधायची, ही शातोतली रीत तिथेही टिकून आहे. फरक एवढाच की आता शब्दांच्या कामात टॉपिनसोबत कार्लाइलही आहे.

अनवट

आवाजाविषयी सांगली_ते_सिडनी यांनी लिहिलेल्यात एक भर घालायची आहे, कारण शस्त्रक्रियेने आवाज खाली आला हे अर्धेच कारण आहे. १९७७ मध्ये एल्टनने फिलाडेल्फियाच्या सोल संगीताचे शिल्पकार थॉम बेल यांच्याकडे सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. बेल यांनी त्याला स्पष्ट सांगितले की तू फार वरच्या पट्टीत गातोस आणि श्वास नीट घेत नाहीस. आपल्याला खालच्या पट्टीत गायला बेल यांनीच शिकवले, हे एल्टनने नंतर मान्य केले आहे. म्हणजे गळ्याला सुरी लागण्याच्या दहा वर्षे आधीच या बदलाची सुरुवात झालेली होती. त्या सहापैकी तीन गाणी १९७९ मध्ये बाहेर आली आणि 'मामा कान्ट बाय यू लव्ह' अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. 'आर यू रेडी फॉर लव्ह' तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही, ते २००३ साली ब्रिटनमध्ये पुन्हा प्रकाशित झाले आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोचले. सहाही गाणी १९८९ मध्ये एकत्र निघाली होती. ती मिळाली तर 'ब्लू मूव्ह्ज' आणि 'अ सिंगल मॅन' यांच्या मधोमध ठेवून ऐकावीत.